जहाजाचे भाडे आणि उरलेला हिशेब

माझ्या परिचयाच्या एका सेवानिवृत्त दांपत्यास त्यांच्या अमेरिकेतील मुलाने गेल्या वर्षी कॅरिबियन समुद्रातील सात रात्रींची सफर घडवली. ती दोघे परत आल्यावर मी भेटीस गेलो, तेव्हा बेटांची छायाचित्रे बाजूस राहिली आणि काकांनी प्रथम माझ्या हाती ठेवला तो उतरण्याच्या आदल्या रात्री जहाजावर मिळालेला दीड पानी हिशेब. तिकिटाची रक्कम मुलाने सहा महिन्यांपूर्वीच भरून टाकली होती, निवास, भोजन व करमणूक ही सर्व तीत आली असे त्याने आईवडिलांना सांगितलेही होते, आणि तरी त्या कागदावर शेकडो डॉलरांच्या नोंदी होत्या: दोघांच्या नावे दररोज पडलेले सेवाशुल्क, बाटलीबंद पाणी, इंटरनेट, हौसेने घेतलेले एक छायाचित्र, आणि काकूंना समुद्र लागला म्हणून जहाजावरील डॉक्टरांकडे घातलेल्या एका खेपेचे बिल. चाळीस वर्षे शाळेचा जमाखर्च चोख ठेवलेल्या त्या गृहस्थांनी मला एवढेच विचारले, “यातले आम्ही खरोखर देणे लागत होतो ते कोणते, आणि न देता चालले असते ते कोणते?”

हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाही. २०२४ साली जगभरात सुमारे साडेतीन कोटी माणसांनी क्रूझचा प्रवास केला, आणि त्यांतील बहुतेकांच्या मनात निघण्यापूर्वी व परतल्यानंतर त्याच तीन शंका घोळत असतात: भाड्यात काय येते आणि काय येत नाही, टीप द्यावीच लागते का व ती कोणाच्या पदरात पडते, आणि तिकीट केव्हा काढले असता स्वस्त पडते. वरवर पाहता हे तीन निरनिराळे प्रश्न वाटतात. परंतु या धंद्याचा जमाखर्च थोडा उलगडून पाहिला म्हणजे ते एकाच मुळाला फुटलेले फाटे आहेत, आणि ते मूळ एक अखंड किंमत मोडून तिचे तुकडे निरनिराळ्या नावांनी वसूल करण्याच्या शिरस्त्यात आहे, अशी माझी खात्री झाली आहे.

जेट विमानांनी १९५८ नंतर अटलांटिकवरील उतारू थोड्याच वर्षांत पळवले, आणि एका खंडातून दुसऱ्या खंडात माणसे पोहोचवण्यासाठी बांधलेल्या आगबोटी बंदरांत रिकाम्या उभ्या राहू लागल्या. त्या आगबोटींतच आजच्या क्रूझ-धंद्याचा उगम आहे. १९६६ मध्ये क्नुट क्लोस्टर आणि टेड ॲरिसन यांनी मायामीहून ‘सनवर्ड’ ही नौका सुरू केली, आणि पुढे वेगळे होऊन ॲरिसन यांनी १९७२ मध्ये कॅनडाची एक जुनी आगबोट विकत घेऊन, तिला ‘मार्डी ग्रा’ असे नाव देऊन कार्निव्हल कंपनी काढली. ती नौका पहिल्याच सफरीत, शेकडो ट्रॅव्हल एजंट पाहुणे म्हणून जहाजावर असताना, मायामीच्या तोंडाशी वाळूत रुतून बसली होती. जुन्या आगबोटीचे भाडे हे एका गावाहून दुसऱ्या गावी जाण्याचे मोल होते, तर नव्या नौकेवर जहाज हेच गाव झाले, आणि गाव म्हटले की दुकाने आली, मद्यालये आली, द्यूतगृह आले. गावाच्या वेशीवरचा कर कमी ठेवावा म्हणजे बाजार भरतो, हे तत्त्व या व्यापाऱ्यांनी अचूक हेरले. आज त्याची परिणती अशी की, २०२४ मध्ये कार्निव्हल कॉर्पोरेशनला झालेल्या सुमारे २५ अब्ज डॉलरांच्या उत्पन्नापैकी जवळजवळ एक तृतीयांश उत्पन्न तिकिटाखेरीज इतर बाबींतून आले, आणि तिची मोठी प्रतिस्पर्धी रॉयल कॅरिबियन हिचेही प्रमाण फारसे वेगळे नाही. तिकीट स्वस्त का दिसते, याचे उत्तर या एका आकड्यात आहे.

भाड्यात काय येते ते थोडक्यात सांगता येईल. केबिन, मुख्य भोजनगृहातील व मोठ्या उपाहारगृहातील तिन्ही वेळांचे जेवण, साधा चहा-कॉफी, साधे पाणी, रंगमंचावरील कार्यक्रम आणि तरणतलाव एवढे सामान्यतः धरलेले असते. मद्य, शीतपेये, खास भोजनगृहे, इंटरनेट, मालिश, कपडे धुणे, वैद्यकीय उपचार आणि बंदरावरील सहली ही सर्व बाहेरची खाती होत. यांपैकी दोन खात्यांत आपल्याकडचे प्रवासी हटकून अडकतात. पहिले पेयांच्या ठोक योजनेचे. अमेरिकी कंपन्यांच्या जहाजांवर ही योजना दर माणशी दर दिवशी साठ डॉलरांपासून शंभराच्या पुढेही जाते, तिच्यावर १८ ते २० टक्के सेवाशुल्क वेगळे चढते, आणि बहुतेक ठिकाणी एकाच केबिनमधील एका प्रौढाने ती घेतली तर दुसऱ्यालाही घ्यावी लागते. एका पेल्याची किंमत बारा-पंधरा डॉलर धरली, तर दिवसाला सहा-सात पेले रिचवल्यावाचून ही रक्कम वसूल होत नाही. ज्या घरात पती क्वचित एखादा पेला घेतो आणि पत्नी मुळीच घेत नाही, त्या घराने या योजनेच्या वाटेस जाऊ नये, सुटे पैसे मोजावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. दुसरे खाते वैद्यकीय. जहाजावरचा दवाखाना हा खासगी दवाखाना असून त्याचे दर तसेच असतात, पैसे तेथेच वसूल होतात, आणि आपल्या देशातला नेहमीचा आरोग्यविमा तेथे सहसा चालत नाही. समुद्रप्रवास स्पष्टपणे अंतर्भूत करणारा प्रवासविमा काढल्याशिवाय वयस्क माणसांनी गोदीत पाऊलही ठेवू नये.

किनाऱ्यावरील सहलींविषयी मात्र कंपनीच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. तीच सहल बंदराबाहेर उभ्या असलेल्या टॅक्सीवाल्याकडे निम्म्या दरात मिळते हे खरे. परंतु कंपनीने आखलेली सहल वाटेत अडकली तर जहाज तिच्यासाठी थांबते, वा त्या प्रवाशांना पुढच्या बंदरावर पोहोचवण्याची तजवीज कंपनी करते, आणि स्वतःच्या भरवशावर गेलेल्यास धक्क्यावर उभे राहून जहाजाची पाठ पाहावी लागते. बंदर गावाला लागून असेल तर पायी हिंडावे, आणि ठिकाण दूर असेल तर तो जादा दर विम्याचा हप्ता समजून द्यावा.

आता बंदरपट्टी व कर यांचे प्रकरण. हे खाते सरकारचे आहे असे समजून प्रवासी त्याबद्दल कधी तक्रार करीत नसत, आणि नेमका याच भाबडेपणाचा लाभ एके काळी घेतला गेला. ‘बंदरखर्च’ या नावाने वसूल होणाऱ्या रकमेचा मोठा भाग कोणत्याही सरकारकडे जात नाही असे आढळल्यावरून फ्लोरिडा राज्याच्या महान्यायवाद्याने कारवाई केली, आणि १९९७ मध्ये सहा कंपन्यांनी असे मान्य केले की, सरकारला प्रत्यक्ष भरावी लागणारी रक्कमच काय ती वेगळी दाखवावी, उर्वरित सर्व खर्च जाहिरातीतील भाड्यात धरावा. पुढे २००७ च्या अखेरीस तेल महागले तेव्हा काही कंपन्यांनी, आधी तिकीट काढून बसलेल्या प्रवाशांवरही इंधनाचा अधिभार लादला, आणि त्याच राज्याच्या हस्तक्षेपाने कोट्यवधी डॉलर परत करावे लागले. शेवटी १ जुलै २०२४ पासून कॅलिफोर्नियात असा कायदा अमलात आला की ग्राहकास टाळता न येणारे प्रत्येक शुल्क जाहिरातीतील किमतीतच दाखवले पाहिजे, आणि एका राज्यापुरती निराळी जाहिरात छापणे गैरसोयीचे असल्यामुळे मोठ्या कंपन्यांनी साऱ्या अमेरिकेत कर व बंदरखर्चासह किंमत दाखवण्यास आरंभ केला. बंदरांचे कर वाढतच राहणार, हे निराळे. ग्रीसने २०२५ च्या उन्हाळ्यापासून सँटोरिनी व मिकोनोस या बेटांवर ऐन हंगामात उतरणाऱ्या क्रूझ-प्रवाशावर माणशी २० युरो बसवले, आणि ज्या बेटाचे रस्ते एका सकाळी हजारो माणसांनी तुडुंब भरतात त्या बेटाला तसे करण्याचा अधिकार आहे असेच मला वाटते. तात्पर्य, तिकिटात मोडतोड करण्याची एक एक वाट कायद्याने बुजवत आणली आहे. एक वाट मात्र मोकळी राहिली, कारण ती ऐच्छिक समजली जाते, आणि तीच टीपेची.

टीप हा शब्द आपण हॉटेलातल्या पोऱ्याच्या हातावर ठेवलेल्या नाण्यापुरता वापरतो, त्यामुळे जहाजावरील टीपेचे स्वरूप आपल्या ध्यानात येत नाही. पूर्वी सफरीच्या शेवटच्या रात्री पाकिटे वाटली जात: एक केबिन झाडणाऱ्या स्टुअर्डसाठी, एक वेटरसाठी, एक त्याच्या मदतनिसासाठी. सात रात्री एकच टेबल, तीच माणसे, असा नेम असल्याने कोणी किती सेवा केली हे प्रवाशास ठाऊक असे, आणि त्या पाकिटात निदान तोंडओळखीचा ओलावा असे. इ. स. २००० मध्ये नॉर्वेजियन क्रूझ लाइनने ठरावीक टेबलाची पद्धत मोडून ‘वाटेल तेव्हा, वाटेल तेथे जेवा’ असे धोरण आणले. रोज नवा वेटर आला म्हणजे पाकीट कोणास द्यायचे हा प्रश्न उभा राहिला, आणि त्याचे उत्तर म्हणून दर माणशी दर दिवशी ठरावीक रक्कम प्रवाशाच्या खात्यावर आपोआप पडू लागली. बाकीच्या कंपन्यांनी हळूहळू तोच कित्ता गिरवला. आज अमेरिकी कंपन्यांच्या साध्या केबिनमध्ये ही रक्कम साधारणतः १६ ते २० डॉलर आहे, मोठ्या दालनांत त्याहून अधिक. दोघांच्या सात दिवसांचा हिशेब मांडला तर २२४ ते २८० डॉलर, म्हणजे आपल्या चलनात वीस ते पंचवीस हजार रुपये होतात. काकांच्या कागदावरील सर्वांत मोठी नोंद हीच होती, आणि ती काढून टाकता आली असती हे त्यांना उतरल्यावर कोणी तरी सांगितले, म्हणून ते विशेष अस्वस्थ होते.

ती काढता आली असती हे खरे. बहुतेक कंपन्यांच्या जहाजांवर स्वागतकक्षात जाऊन ही रक्कम कमी करता येते वा रद्दही करता येते, आणि तसे करणारे प्रवासी आपण लबाडीला बळी पडलो नाही या समाधानात परततात. परंतु रद्द झालेली ती रक्कम कोणाच्या ताटातून उचलली जाते हे पाहिले पाहिजे. हा पैसा एका सामाईक निधीत जमा होऊन त्यातून केबिन झाडणारे, वाढणारे आणि पुष्कळ ठिकाणी प्रवाशाच्या दृष्टीसही न पडणारे धुलाईघरातले व मुदपाकखान्यातले लोक यांना वाटे मिळतात, आणि या लोकांचे मूळ वेतन हा निधी मिळणारच असे गृहीत धरून बेतलेले असते. २०१२ साली ब्रिटिश वृत्तपत्रांनी असे उघडकीस आणले की, पी अँड ओ क्रूझेसच्या जहाजांवरील कनिष्ठ कर्मचाऱ्यांचे मूळ वेतन तासाला ७५ पेन्स, महिन्याला सुमारे २५० पौंड, इतके होते, आणि त्यांत भारतीयांचा भरणा मोठा होता. जहाज बहामा, पनामा, बर्म्युडा किंवा माल्टा यांपैकी कोणाच्या तरी निशाणाखाली नोंदलेले असते, त्यामुळे ज्या बंदरातून ते सुटते तेथील किमान वेतनाचा कायदा त्याला लागू होत नाही. २० ऑगस्ट २०१३ रोजी अमलात आलेला आणि २०१५ मध्ये भारताने स्वीकारलेला सागरी श्रम करार हा या लोकांचा मुख्य आधार. त्याने चोवीस तासांत निदान दहा तास व आठवड्यात निदान सत्त्याहत्तर तास विश्रांती ठरवून दिली आहे. हिशेब उलटा मांडला तर त्यातच कामाचे तास किती असू शकतात ते कळते, आणि सहा-सहा, नऊ-नऊ महिन्यांच्या करारात साप्ताहिक सुट्टी नावाची वस्तू नाही.

येथे आपला, म्हणजे मुंबई-कोकण-गोव्याचा, संबंध फार जुना आहे. ब्रिटिश आगबोटींच्या काळात डेकवर रत्नागिरीकडचे खलाशी, सारंग व टंडेल असत, तर भोजनगृहात आणि केबिनींत साष्टी व बारदेशातले गोमंतकीय ख्रिस्ती असत. त्या गोमंतकीयांच्या गावोगावच्या मंडळींनी धोबीतलाव परिसरात ‘कूड’ स्थापन केले होते, जेथे एक बोट सुटून दुसरी मिळेपर्यंत तारवटी आपली पेटी ठेवून दिवस काढी, सायंप्रार्थना करी, आणि गावी पैसे धाडण्याची व्यवस्था पाही. गोव्यातली किती तरी घरे, किती तरी मुलांची शिक्षणे त्या पैशांवर उभी राहिली. आजही मोठ्या क्रूझ-जहाजांवर गोव्याचे, मुंबईचे, कोकणातले तरुण मोठ्या संख्येने आहेत, आणि नोकरी लावून देण्यासाठी उमेदवाराकडून पैसे घेण्यास सागरी श्रम करारात मनाई असतानाही परवाना नसलेल्या दलालांना लाखभर रुपये मोजून निघालेले तरुण त्यांत असतात. अशा तरुणाच्या पहिल्या करारातला मोठा हिस्सा कर्ज फेडण्यातच जातो. ज्याला आपण टीप म्हणतो ती त्या कर्जाच्या हप्त्याची रक्कम असते.

म्हणून माझे उत्तर असे: ही नोंद काढू नये. ती बक्षिसी नसून थकलेले वेतन आहे. आणि त्याच कारणास्तव ती ऐच्छिक रकान्यात ठेवण्याची कंपन्यांची पद्धत मला गर्हणीय वाटते, कारण नोकराच्या रोजीचा भार मालकाने प्रवाशाच्या लहरीवर टाकावा, आणि त्यायोगे जाहिरातीतील भाडे तेवढे लहान दिसावे, यात दोघांशीही प्रतारणा आहे. दुसरी पद्धत अशक्य असती तर गोष्ट वेगळी. परंतु ज्या पी अँड ओ क्रूझेसच्या वेतनाचा वर उल्लेख केला, तिनेच २०१९ पासून हे दैनिक सेवाशुल्क बंद करून भाड्यात सामावले, आणि ऑस्ट्रेलियाच्या बाजारात तिकिटातच टीप धरण्याची चाल रुळलेली आहे. भाड्यात धरलेला तो पैसा कामगारापर्यंत पूर्ण पोहोचतो की नाही, हे त्यांच्या करारनाम्यांवरून व संघटनांच्या जोरावरून ठरते, याची जाणीव मला आहे. तरीही प्रश्न निदान योग्य दोन पक्षांत, मालक आणि नोकर यांच्यात, राहतो.

तिकीट केव्हा काढावे, हा तिसरा प्रश्न. किंमत ठरवण्याचे तंत्र विमानकंपन्यांसारखेच आहे: केबिनी जशा भरत जातील तसा दर दिवसागणिक हलतो. अमेरिकेत जानेवारी ते मार्च हा विक्रीचा मोठा हंगाम, आणि त्यात भाड्यातील सवलतीपेक्षा जहाजावर खर्चायला दिलेली जमा किंवा फुकट इंटरनेट अशी आमिषे अधिक असतात. संपूर्ण रक्कम भरण्याची मुदत सफरीपूर्वी साधारण ७५ ते ९० दिवस असते, आणि साऱ्या व्यवहारातली ही सर्वांत महत्त्वाची तारीख होय. तिच्या आधी दर उतरला तर अनेक कंपन्या, विशेषतः अनामत परत मिळण्याच्या अटीवर घेतलेल्या तिकिटावर, मागणी केल्यास नवा दर लावून देतात. तिच्यानंतर रद्द केल्यास दंड चढत जाऊन अखेरच्या दिवसांत पूर्ण रक्कम बुडते. शेवटच्या क्षणी स्वस्तात केबिन मिळते ही वदंता खोटी नाही, पण ती मायामीत राहणाऱ्याच्या कामाची. पुण्याच्या माणसाला व्हिसा आणि विमान यांच्या तारखा धरूनच हलावे लागते, आणि केबिनमध्ये वाचलेले पैसे तो विमानात घालवतो. त्याने लवकर, परत मिळणाऱ्या अनामतीवर, तिकीट काढावे आणि मुदतीपर्यंत दरावर लक्ष ठेवावे. केबिनचा क्रमांक कंपनीच्या मर्जीवर सोडला तर काही पैसे सुटतात. वसंतात व शरदात जहाजे एका समुद्रातून दुसऱ्यात हलवली जातात तेव्हा अटलांटिक ओलांडणाऱ्या लांब सफरी रात्रीच्या हिशेबाने पुष्कळ स्वस्त असतात. एकट्या प्रवाशाला मात्र हा व्यापार अजूनही निष्ठुर आहे. दर दोघांच्या केबिनचे असल्यामुळे विधुरास वा विधवेस जवळजवळ दुप्पट द्यावे लागतात, आणि २०१० मध्ये ‘नॉर्वेजियन एपिक’वर एकट्यांसाठी १२८ लहान केबिनी निघाल्या त्याचे अनुकरण व्हावे तितके झालेले नाही.

आपल्याकडच्या प्रवाशास या सर्वांवर रुपयाचे गणित करावे लागते. परदेशी सहलीच्या रकमेवर उगमस्थानी कर गोळा केला जातो, तो विवरणपत्रात दाखवून वळता करून घेता येतो, हे पुष्कळ वयस्क मंडळी विसरतात. जहाजावरचे खाते डॉलरांत चालते व क्रेडिट कार्डावर बँकेचे परकीय चलनाचे शुल्क पडते. सिंगापूरहून निघून सिंगापुरात परतणाऱ्या सफरीस एकदाच प्रवेश देणारा व्हिसा पुरत नाही.

आणि आता मुंबईहूनही जहाजे सुटू लागली आहेत. २०१८ मध्ये मुंबई-गोवा मार्गावर ‘आंग्रिया’ आली. २०१९ मध्ये सुरू झालेली जलेश कंपनी साथीच्या वर्षात बुडाली आणि तिची ‘कर्णिका’ अलंगच्या भंगारात गेली. २०२१ पासून ‘कॉर्डेलिया’ची ‘एम्प्रेस’ गोवा, कोची व लक्षद्वीपकडे जाऊ लागली, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये बॅलार्ड पिअरवर नव्या क्रूझ-टर्मिनलचे उद्घाटन झाले. ज्या धक्क्यावर एके काळी विलायतेची टपालबोट लागे, तेथेच. येथला शिरस्ता अद्याप घट्ट झालेला नाही. किंमत अखंड सांगावी की मोडून सांगावी, हे आपल्या बंदरात अजून ठरायचे आहे.

काकांना मी हे सर्व सांगितले. त्यांनी डॉक्टरांचे बिल, पाण्याच्या बाटल्या आणि छायाचित्र यांपुढे पेन्सिलीने खुणा केल्या, सेवाशुल्काच्या नोंदीवर मात्र खूण केली नाही. त्यांची केबिन झाडणारा मुलगा म्हापशाकडचा होता आणि काकूंना बरे नव्हते तेव्हा तो दोनदा पेज घेऊन आला होता, हे त्यांनी मला त्या वेळी प्रथम सांगितले. पुढच्या हिवाळ्यात मुंबईहूनच निघावे असा दोघांचा विचार आहे, आणि त्यासाठी एजंटाला पाठवायच्या पत्राचा मसुदा त्यांनी माझ्यासमोरच केला. भाड्याखेरीज दर माणशी दर दिवशी सक्तीचे किती पडेल, हा त्यातला पहिला प्रश्न. त्यातले केबिन झाडणाऱ्याच्या हाती किती जाते, हा दुसरा.